पडद्याकडे पाठ करून बसणारे आप्पा

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण कुणाचं, असं कुणी विचारलं तर मी आप्पांचं सांगतो. ते माझे नातेवाईक नव्हते. ते चित्रपट निर्माते होते. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला, आणि ती एका सिनेमावाल्यामुळे घेतली, हे ऐकून लोकांना अजून गंमत वाटते. सिनेमाच्या नादाने पोरं शाळा सोडतात, असं तेव्हा घरोघरी बोललं जाई. माझं उलट झालं.

साठच्या दशकातली गोष्ट आहे. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चाललं होतं. मी चिंचणीला शिकून मॅट्रिक झालो आणि त्या बांधकामावरच एका ठेकेदाराकडे हजेरी घ्यायच्या कामाला लागलो. वडिलांची वाडी होती, केळी, चिकू आणि पानवेलींची. मुलगा सावलीत बसून काम करतो याचं त्यांना फार अप्रूप. पावसात मातीकाम थांबलं की ठेकेदार आम्हाला काही आठवडे घरी बसवी. अशाच एका आषाढात आमच्या वाडीच्या तोंडाशी जुनी काळी मोटार चिखलात रुतली आणि तिच्यातून धोतर, बंद गळ्याचा कोट आणि काळी टोपी घातलेले एक गृहस्थ उतरले. पायातल्या वहाणा त्यांनी हातात घेतल्या होत्या.

"आपल्या माडीवर काही दिवस आमची माणसं राहतील का?" त्यांनी वडिलांना विचारलं.

"कसली मानसं?"

"सिनेमाची."

वडिलांनी आत पाहिलं. आतून आईने विचारलं, "बाया पन हायेत का त्यात?"

"एक आहे," गृहस्थ म्हणाले. "पण तिचं लग्न ठरलंय. त्यामुळे ती कुणाशी फारसं बोलत नाही."

आई आतल्या आत हसली आणि आमची माडी सिनेमाला मिळाली.

त्यांचं सगळं युनिट त्यांना आप्पा म्हणे, म्हणून आम्हीही आप्पा म्हणू लागलो. माणसं मागून बोईसर स्टेशनला उतरणार होती. तोवर आप्पा आमच्या ओटीवर बसून असत, आणि मी रिकामाच होतो. त्यांचं आयुष्य मला त्या दिवसांत तुकड्यातुकड्यांनी कळलं.

ते सातारा जिल्ह्यातले. शिक्षण मराठी चौथीपर्यंत. गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला, तो निघाला तेव्हा आप्पाही त्याच्याबरोबर निघाले. फिल्मचे डबे बैलगाडीत घालून एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत न्यायचे, हे पहिलं काम. तंबूत पडदा मधोमध असे. पुढे बसणाऱ्यांना चित्र सरळ दिसे, मागे बसणाऱ्यांना उलटं. मागचं तिकीट स्वस्त. वाऱ्याने पडदा फडफडू नये म्हणून त्याची दोरी धरून एकाला पडद्याखाली उभं राहावं लागे. ते आप्पा. म्हणजे रोज खेळ चालू असताना यांची पाठ पडद्याला आणि तोंड लोकांकडे.

पुढे कोल्हापूरला स्टुडिओत हमाली, मग सामानाची व्यवस्था, मग सगळ्या कामाची देखरेख असं करत करत ते वर चढले आणि मुंबईला त्यांनी स्वतःची कंपनी काढली. त्यांचे संतांवरचे, देवादिकांचे चित्रपट खूप चालले. बायका थिएटरच्या दाराशी चपला काढून आत जात, हे सांगताना त्यांचा आवाज जरा हळू होई. युद्धाच्या काळात कच्ची फिल्म परवान्यावर मिळे, तेव्हाही त्यांनी काम बंद पडू दिलं नाही. मग रंगीत हिंदी चित्रपट आले, मराठीची गर्दी ओसरली, त्यांचे लागोपाठ दोन चित्रपट पडले. आता दादरला एक ऑफिस उरलं होतं आणि एक अपुरा चित्रपट.

लोकांकडे तोंड करून बसायची सवय मात्र गेली नव्हती. एकदा ते मला पालघरच्या टॉकीजमध्ये घेऊन गेले. तिकिटं काढली आणि मॅनेजरकडून एक स्टूल मागून घेतलं. ते पडद्याच्या खाली ठेवून आप्पा प्रेक्षकांकडे तोंड करून बसले. पहिल्या रांगेतला एक जण म्हणाला, "ओ काका, खेल मागं चाललाय."

"तुम्ही बघा. मला हाच बघायचाय," आप्पा म्हणाले.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, तुम्हाला चित्रपट पाहावासा वाटत नाही का?

"पडद्यावर काय आहे ते करणाऱ्याला ठाऊकच असतं," ते म्हणाले. "ते समोरच्याच्या तोंडावर पोचलं का, एवढंच बघायचं उरतं. आज त्या मागच्या कोपऱ्यातला म्हातारा रडला. कशावर रडला, ठाऊक आहे? हिरो घराला कुलूप लावतो ना, तिथे. तिथे रडावं असं ज्याने ते चित्र काढलं त्यालाही वाटलं नसेल."

आता त्यांच्या अपुऱ्या चित्रपटाविषयी सांगतो, कारण त्यांचं सगळं त्यात अडकलं होतं. गोष्ट एका कोळणीची होती. तिचा नवरा दर्यावरून परत येत नाही. पावसाळा लागतो, दर्या बंद होतो. शेवटी तिचा दीर बंद दर्यात, उसळत्या लाटांत एकटा होडी घालतो आणि ती किनाऱ्यावर उभी राहून बघते. एवढा शेवट घ्यायचा राहिला होता. स्टुडिओतल्या तलावात तो एकदा घेऊन झाला होता, पण आप्पांनी फेकून दिला. "बादलीतलं पाणी दिसतं," ते म्हणत. शिवाय चित्रपट गणपतीपर्यंत तयार झाला नाही तर मुंबईचं थिएटर दुसऱ्याला जाणार होतं. नायिका लग्नानंतर काम करणार नव्हती. तिच्याकडे तेवढाच आठवडा होता. आप्पांच्या वयाला पुढचा चित्रपट काढणं शक्य नव्हतं. हा शेवटचा होता आणि तो त्यांना नीट पुरा करायचा होता.

जागा त्यांनी निवडली आमच्या शेजारच्या दांडी या कोळ्यांच्या गावाची. तिथली बोली मला येत होती म्हणून ते मला बरोबर घेऊन गेले. गावात सगळ्यांत वडील एक तांडेल होते, म्हणजे होडीचे प्रमुख. त्यांच्या शब्दाबाहेर गाव जात नसे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बंद दर्यात होडी आमी नाय घालत," ते म्हणाले.

मी समजावलं, की होडी कमरेइतक्या पाण्यात न्यायची, मागून दोर बांधलेला असेल, चित्र झालं की लगेच वर ओढायची.

तांडेल बराच वेळ गुडघा चोळत बसले. मग म्हणाले, "बांधलेली होडी घरातच असते म्हना. चालंल."

आप्पांनी परतताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना खरोखर आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं युनिट दांडीच्या वाळूत उतरलं. होडीवरच्या झावळ्या काढल्या, कॅमेरा लावला. नायिका लुगडं नेसून तयार होती. अख्खा गाव बघायला जमला होता. आणि आप्पांनी पिशवीतून नारळ काढला.

प्रत्येक चित्रपटाच्या प्रत्येक नव्या जागी पहिला नारळ आप्पा स्वतः फोडत. नायकाला किंवा दिग्दर्शकाला तो मान त्यांनी कधी दिला नाही. तंबूच्या दिवसांपासूनची रीत होती ती. तेव्हा ते खुंटीवर फोडत, आता कॅमेऱ्यापुढे. त्या दिवशी त्यांनी तो होडीच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या टोकावर, फोडला, पाणी कॅमेऱ्याच्या पायाशी शिंपडलं, एक भकल प्रसादाला ठेवलं आणि दुसरं मोठ्या श्रद्धेने दर्यात टाकलं.

बायकांनी तोंडाला पदर लावले.

आमच्या किनाऱ्यावर दर्याला नारळ नारळी पुनवेला देतात. तो गावाच्या वतीने तांडेल देतो आणि सबंध देतो. तो पडला की दर्या उघडला. त्याआधी कुणी नारळ टाकत नाही, आणि फोडलेला तर कधीच नाही. आप्पांच्या हाताने दर्या उघडला होता, पुनवेच्या आधी, परक्या हाताने आणि फुटक्या नारळाने. हे मी त्यांना सांगेपर्यंत लाटेने ते भकल परत आणून वाळूत ठेवलं. सगळ्यांनी ते पाहिलं.

तांडेलांची थोरली बहीण पुढे आली. तिला सगळं गाव आत्या म्हणे. तिचा मुलगा तांडेलांच्या होडीवर खलाशी होता.

"कुनाला इचारून टाकलास?" तिने आप्पांना विचारलं.

"बाई, मी पूजेचाच..."

"तुजी पूजा तुज्या पेटीची," ती कॅमेऱ्याकडे हात करून म्हणाली. "हा दर्या हाय. यात माजा पोर जातो. तुजा कोन जातो?"

बायकांनी होडीला वेढा घातला. पुरुष आले आणि होडी पुन्हा झाकून गेले. तांडेलांनी आमच्याकडे पाहिलंही नाही.

युनिटचा व्यवस्थापक तापट होता. तो म्हणाला, "पोलिसांना आणू. नाहीतर दुसरा किनारा बघू. नाहीतर चला तलावात, आप्पा. पडद्यावर कुणाला कळतंय?"

"दांडीच्या लोकांना कळेल," आप्पा म्हणाले.

"ते कुठे तिकीट काढून बघायला येणारेत?"

आप्पा वाळूत बसले होते. वहाणा शेजारी काढून ठेवलेल्या होत्या. "मग मी इतकी वर्षं कुणासाठी काढत होतो?" ते म्हणाले. रागाने नाही, खरंच आठवून बघत असल्यासारखे.

त्या संध्याकाळी ते मला घेऊन तांडेलांच्या अंगणात गेले. कुणी बसा म्हटलं नाही, तरी बसले. म्हणाले, "माझं चुकलं. मला आमची रीत ठाऊक होती, तुमची विचारायला हवी होती. आता काय केलं म्हणजे निस्तरेल?"

तांडेल जाळं विणत होते. आत्याच आतून म्हणाली, "काय नाय करायचं. थांबायचं. आमी पन थांबतोच ना? आमची चूल काय तुज्या पिक्चरवर पेटते?"

मग तांडेल हळूच बोलले. "पुनवेला या. आमचा नारल पडंल. होड्या निघतील. तवा काय ती पेटी लावायची ती लावा."

पुनवेपर्यंत थांबायचं म्हणजे काय, ते आप्पांना तिथल्या तिथे कळलं होतं. नायिका हातची जाणार. थिएटर जाणार. पुनवेला लाटाही तशा उसळणार नाहीत. वादळातली एकटी होडी मिळणार नाही. घरी आल्यावर आईने त्यांच्यापुढे नाचणीची भाकर आणि बोंबलाचं कालवण ठेवलं, तेव्हा म्हणाले, "वहिनी, माझी माणसं परवा जातील. मी राहिलो तर चालेल का?"

"तुमी कधी जायचं ते आमी कशाला सांगू?" आई म्हणाली.

नायिका जायला निघाली तेव्हा तिने आप्पांच्या पाया पडून ते लुगडं घडी करून त्यांच्या हातात दिलं. दिग्दर्शक रागावून मुंबईला गेला तो परत आला नाही. राहिले आप्पा आणि त्यांचा जुना कॅमेरामन. कॅमेरामन सकाळ-संध्याकाळ दांडीला जाऊन कॅमेरा कुठे लावायचा ते बघून येई. कुठूनही पाहिलं तरी तारापूरकडची बांधकामाची क्रेन आकाशात यायची आणि तो तिला शिव्या घालायचा. आप्पा माझ्या वडिलांबरोबर वाडीत फिरत, पानं खुडायला शिकत. मधेच थांबून मला म्हणत, "तो दीर एकटा कशाला जाईल रे? गाव आहे ना त्याला." पुनव जवळ येईपर्यंत त्यांनी शेवट बदलला होता. कोळीण थांबते. गाव थांबतं. दर्या उघडतो आणि सगळ्या होड्या मिळून शोधायला निघतात.

प्रश्न राहिला कोळणीचा. आप्पा ते लुगडं घेऊन आत्याकडे गेले. पाठमोरी उभी राहील अशी बाई हवी, म्हणाले.

"पाठमोरी कशाला? माज्या तोंडाला काय झालं?"

"तोंड दुसरीचं आहे. ती गेली."

"म्हंजे तोंड तिचं आनि पाठ माजी," आत्या म्हणाली. "बरं हाय. मग पावडर नाय लावायला लागनार." ती लुगडं उलगडून काठ बघू लागली, आणि ती उभी राहणार हे आम्हाला कळलं.

पुनवेला तांडेलांनी सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ पाण्यात सोडला. गावाने हात जोडले. होड्या पताका लावून एकामागून एक लाटांवर चढल्या. आप्पांनी त्या दिवशी नारळ आणला नव्हता. दोन्ही हात मागे बांधून ते उभे होते. आत्याला त्यांनी एवढंच सांगितलं होतं, की काही करू नकोस, उभी राहा. ती उभी राहिली. तिच्या मुलाची होडी फुटत्या लाटेत वर चढली, क्षणभर दिसेनाशी झाली, तेव्हा तिने डोळ्यांवर हात धरला आणि होडी पलीकडे दिसेपर्यंत खाली घेतला नाही. कॅमेरामनने ते सगळं घेतलं. क्रेनसुद्धा एका कोपऱ्यात आली म्हणतात. आप्पा म्हणाले, राहू दे.

चित्रपट पुरा झाला. थिएटर अर्थातच गेलं होतं. पुढे भर परीक्षांच्या दिवसांत तो कुठेतरी लागला आणि मला पाहायला जमायच्या आत उतरला. आप्पा आपलं स्टूल घेऊन बसले होते, पण समोर माणसंच फार नव्हती.

मी त्यांना म्हटलं होतं, मला तुमच्या कंपनीत घ्या. त्यांनी साफ नकार दिला. "कंपनी नाही, चार भिंती आहेत," ते म्हणाले. "त्यात अभ्यास होईल. मी जन्मभर इंग्रजी करारांवर सह्या केल्या, दुसऱ्याने वाचून दाखवले तसे. तू वाचणारा हो." वडिलांची समजूत त्यांनीच काढली. वडील म्हणाले, "पक्की नोकरी हाय त्याची." आप्पा म्हणाले, "ती केंद्र बांधून होईपर्यंत. मग?" वडिलांनी जाणत्यासारखी मान हलवली आणि आत जाऊन आईला विचारलं.

दादरच्या त्या ऑफिसात, फिल्मच्या डब्यांना टेकून, मी बी. ए. पर्यंतची सगळी वर्षं वाचत काढली. ऑफिस विकायला गिऱ्हाईकं येत. आप्पा त्यांना सांगत, आत परीक्षा चालू आहे. माझा शेवटचा पेपर झाला तेव्हा त्यांनी ते विकलं आणि ते मुलीकडे नाशिकला राहायला गेले. त्यांची नजर तोवर बरीच गेली होती.

त्याच सुमारास तारापूरच्या कामगारांच्या वसाहतीत मैदानावर सिनेमा दाखवायचं ठरलं, आणि स्वस्तात मिळाला म्हणून नेमका आप्पांचा तोच चित्रपट आला. मी त्यांना कळवलं. त्यांनी नातीच्या हाताने उत्तर लिहून घेतलं: मला येववत नाही. माझ्या जागी तू बस.

त्यानंतर मी त्यांना पाठवलेलं पत्र असं होतं.

तीर्थस्वरूप आप्पा,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र नातीने आपल्याला सावकाश वाचून दाखवावं. आधी माझं सांगतो. निकाल लागला. मी दुसऱ्या वर्गात पास झालो. वडिलांनी वाडीत सगळ्यांना पानं वाटली. पदवी म्हणजे काय असं आईने विचारलं. मी म्हटलं, आप्पांनी ऑफिस विकायचं ज्याच्यासाठी थांबवलं होतं, ते. तिला कळलं.

आता खेळाचं. आपण सांगितल्याप्रमाणे वसाहतीच्या शाळेतून स्टूल आणलं आणि पडद्याखाली लोकांकडे तोंड करून बसलो. पोरांनी सुरुवातीला माझी थट्टा केली, मग विसरली. पुढे कामगार होते, घाटावरचे, विदर्भातले, काही हिंदी बोलणारे. डाव्या बाजूला दांडीची माणसं चटया टाकून बसली होती. मी निरोप धाडला होता. ती सगळी आली. तांडेल आता काठी घेऊन चालतात.

पहिला भाग लोकांनी गप्पा मारत पाहिला, खोटं कशाला सांगू. नायिकेची सासू बोलते तिथे हसले. नवरा परत येत नाही तिथून गप्पा कमी झाल्या. नागपूरकडचा एक माणूस मांडीवरच्या पोरीला थोपटत होता, तो थोपटायचा थांबला आणि हात तिथेच राहिला. तिथे पडद्यावर काय चाललं होतं मला ठाऊक नाही, पण आपण विचाराल म्हणून लिहून ठेवलं.

शेवटी तांडेलांचा नारळ पाण्यात पडला असावा, कारण दांडीच्या माणसांनी बसल्या जागी हात जोडले. तांडेल उठून उभे राहिले. ते बघून कामगारांतल्याही बऱ्याच जणांनी हात जोडले. का, ते त्यांना ठाऊक नव्हतं. मग आत्या आली. मला तिची पाठ दिसली नाही, पण दांडीच्या सगळ्या बायका पडद्याकडे बघायचं सोडून चटईवरच्या आत्याकडे बघू लागल्या, त्यावरून कळलं. ती पदर तोंडाला लावून बसली होती. पडद्यावर हात वर गेला असेल तेव्हा तिचा हात इकडेही कपाळाशी गेला. तिचा मुलगा तिच्या शेजारीच बसला होता. तो तिला म्हणत होता, "आये, मी इथं हाय." ती त्याला म्हणाली, "गप. आजून लाटेतून वर नाय आलास."

नंतर कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. थोडा वेळ कुणी उठलंच नाही. त्याआधी क्रेन दिसली तेव्हा मात्र कामगारांनी "आपली क्रेन, आपली क्रेन" म्हणून एकमेकांना दाखवली.

मी लोकांकडेच बघत राहिलो, त्यामुळे चित्रपट मला अजून पाहायचाच आहे.

आत्या विचारत होती, लुगडं परत द्यायचं आहे का. मी नाही म्हणून सांगितलं; चुकलं असेल तर कळवावं. तांडेलांचा निरोप आहे, की येत्या पुनवेला आप्पांना घेऊन या, नजर नसली तरी चालेल, आम्ही हात धरून पाण्यापर्यंत नेऊ. गावाचा नारळ पडला की दुसरा आप्पांनी सोडायचा आहे. नारळ ते देणार आहेत. फोडू नका म्हणावं, एवढं दोनदा सांगितलं.

बोईसरला गाडीवर आपल्याला उतरवून घ्यायला मी येईन.

आपला